आमेननंतरची ओळ

सुट्टीच्या शुक्रवारची चर्चमधली मिस्सा आटोपून रेजिना आणि पास्कल तुस्कानो परस्पर मिर्दिफला गेले ते सोफा बघायला. २००९ साल नुकतंच लागलं होतं आणि दुबईत जो तो निघायच्या घाईत होता. काल साहेब म्हणून मिरवणारा माणूस आज दारात फ्रिज मांडून गिऱ्हाइकाची वाट बघायचा. ज्यांची नोकरी अजून तग धरून होती ते करामा-शारजाहून टेम्पो घेऊन निघायचे आणि दुसऱ्याच्या मोडलेल्या संसारातलं आपल्याला काय जुळतंय ते शोधत फिरायचे. यात वाईट वाटून घ्यायला कुणाला वेळ नव्हता.

सोफा होता मिस्टर हॅलोरन यांचा. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडचे हे आर्किटेक्ट, आणि पास्कल त्यांच्या हाताखालचा ड्राफ्ट्समन. दोघांनी मिळून कागदावर चढवलेले टॉवर निम्म्यावर थांबले होते, वर क्रेन तशाच उभ्या होत्या. साहेब पुढच्या आठवड्यात दोन बॅगा घेऊन घरी परतणार होते. पास्कलला कंपनीनं काढलं नव्हतं, फक्त बिनपगारी रजेवर घरी बसायला सांगितलं होतं. काढलं असतं तर निदान रडता तरी आलं असतं, असं रेजिना म्हणायची.

सोफा तिच्या पसंतीस उतरला नाही. तिला तसं पटकन काही पसंत पडत नसे, एक पास्कल सोडला तर. वसईच्या नंदाखालची ही काळीसावळी, ठसठशीत मुलगी. लग्नाला सहा वर्षं झाली तरी नवरा कुणा बाईशी हसून बोलला की ती कोण, कुठली, हे ही विचारत बसायची. देवानं पदरी मूल घातलं नाही, तर नवरा तरी सगळाच्या सगळा आपला असावा, एवढाच तिचा हट्ट होता. हट्ट साधा होता, पण साध्या हट्टांनीच घरं जास्त जळतात.

हॉलच्या कोपऱ्यात चादरीखाली काहीतरी झाकून ठेवलं होतं. पास्कलनं चादर उचलली आणि तो बघतच राहिला. चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करायला असतं तसं लाकडी बाक होतं, नीलर. पण हे दोघांपुरतंच. लग्नाच्या दिवशी नवरा-नवरी जोडीनं गुडघे टेकतात, तसं. तांबूस जड लाकूड, पुढं हात टेकायला फळी आणि खाली दोन गाद्या. डावी गादी झिजून तिचं कापड गुळगुळीत झालं होतं. उजवी कोरी करकरीत, शिवणसुद्धा उसवलेली नव्हती.

“हे असंच न्या,” हॅलोरन म्हणाले. “मला विकवत नाही आणि टाकवतही नाही.”

मग चहा पिता पिता त्यांनी त्या बाकाची गोष्ट सांगितली. अ‍ॅडलेडला चर्चांचं शहर म्हणतात. पण त्यांच्या आजोबांच्या काळात तिथल्या कॅथलिकांनी अँग्लिकनांच्या चर्चची पायरी चढणं म्हणजे पाप होतं. शाळा वेगळ्या, पोरं रस्त्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना शिव्यांची गाणी म्हणायची. मेल्यावरही सुटका नव्हती, कबरस्तानात वेगळे वाफे. आता दोन्हीकडचे पाद्री एका टेबलावर केक खातात, पण तेव्हा तसं नव्हतं. आजोबा कॅथलिक, ट्राम चालवायचे. प्रेमात पडले ते एडिथ नावाच्या अँग्लिकन सुताराच्या मुलीच्या. बापानं लेकीच्या लग्नासाठी आपल्या हातांनी हे बाक केलं. पण कॅथलिक फादरांनी ते आत आणू दिलं नाही. मिश्र लग्न वेदीसमोर लागत नसे. ज्या मागच्या खोलीत फादर झगे चढवतात, तिथं दार लावून, ना फुलं ना गाणं, लग्न उरकलं गेलं. बाक बाहेर व्हरांड्यात राहिलं.

“एडिथनं शपथ घेतली,” हॅलोरन म्हणाले, “की मला कुणी मानानं बोलावल्याशिवाय मी यावर गुडघे टेकणार नाही. आजोबा रोज संध्याकाळी डाव्या बाजूला जपमाळ घेऊन रोजरी म्हणायचे. आणि ती स्वयंपाकघराच्या दारात उभी.”

“उभी राहून काय करायची?” रेजिनानं विचारलं.

“तिची ओळ म्हणायची. तुम्हाला माहीतच आहे.”

माहीत होतंच. प्रभूची प्रार्थना दोन्हीकडची एकच, फक्त घरच्या रोजरीत ‘वाइटापासून आम्हाला सोडव’ झालं की कॅथलिक आमेन म्हणून मोकळे होतात. मिस्सेत पुढची ओळ येते खरी, पण मध्ये फादरांची प्रार्थना असते. प्रॉटेस्टंट मात्र थांबत नाहीत. राज्य, सामर्थ्य आणि गौरव तुझंच, असं म्हणून मग आमेन.

“आजोबा आमेन म्हणायचे आणि थांबायचे. ती दारातून आपली ओळ पुरी करायची. मग ते उठायचे. एवढंच काय ते त्यांचं एकत्र देवळात जाणं. एडिथ लवकर गेली. पण आजोबांची थांबायची सवय गेली नाही.” हॅलोरन जरा हसले. “मग त्यांनी दुसरं लग्न केलं. ती माझी आजी, नोरा. चांगली कॅथलिक होती. तिनं पहिल्याच आठवड्यात उजव्या गादीवर गुडघे टेकले म्हणे. कबरीवर नाव नोराच आहे. पण आजोबा तिला मरेपर्यंत एडिथ म्हणायचे. गंमत म्हणजे, तीही ओ द्यायची.”

बिचारी नोरा, असं रेजिनाच्या मनात आलं. मेलेल्या बाईचं नाव घेऊन नवरा हाक मारतो आणि ही मुकाट्यानं ओ देते. आपण असतो तर बाक चुलीत घातलं असतं.

पण गादी तर कोरी होती. नोरानं गुडघे टेकले तर ती कोरी कशी, हे विचारायचं तिला सुचलं नाही. निघताना हॅलोरननी पास्कलला बाजूला घेतलं. “आमच्या घरात एक पद्धत आहे. यावर प्रार्थना करा, पण आमेन झालं की लगेच उठा. थांबू नका. थांबलं की तिला वाटतं, आपल्यासाठीच थांबलाय.” मग टेम्पोत चढवलेल्या बाकाकडे बघत ते म्हणाले, “माझ्या बायकोनं एकच अट घातली होती, हे घरात नको. म्हणून मी जाईन तिथं हे आलं, आणि ती आली नाही.”

शारजाच्या अल मजाजला लगूनकाठच्या टॉवरमध्ये तुस्कानोंचा वन बेडरूमचा फ्लॅट होता. बाक खिडकीशी लागलं. दिसायला जड, पण उचलायला हलकं होतं, दोघांनी सहज उचलून आणलं. रेजिना करामाच्या एका दातांच्या दवाखान्यात असिस्टंट होती. सकाळी निघायची आणि ट्रॅफिकमधून रखडत दिवेलागणीनंतर पोचायची. पूर्वी दोघं एकदमच घरी यायचे आणि रोजरी जोडीनं, जमिनीवर बसूनच व्हायची. आता पास्कल दिवसभर घरी. सूर्य मावळून मगरिबची अजान झाली की तो एकटाच बाकावर गुडघे टेकायचा. तिच्यासाठी थांबत नसे.

पहिल्यांदा तिनं ऐकलं तेव्हा ती दाराबाहेर पर्समध्ये किल्ली शोधत होती. आत पास्कलची प्रार्थना चालली होती. दारातून शब्द नाही, नुसती चाल कळत होती. लहानपणापासून कानात बसलेली ती चाल उतरत उतरत संपली. आमेन. मग कॉरिडॉरमधल्या एसीची घरघर तेवढी राहिली. आणि मग चाल पुढं चालू झाली. हळू... बाईच्या आवाजात.

रेजिनाचा हात पर्समध्येच राहिला. एका ओळीचा तो आवाज, खाली उतरून थांबला. तिनं दार उघडलं. पास्कल खिडकीशी उभा होता, लगूनमध्ये बोटींचे दिवे लागले होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. वास मात्र होता. नीलगिरीच्या तेलाचा, सर्दीला रुमालावर घेतात तसा.

भुताची शंका तिला शिवलीसुद्धा नाही. मत्सर करणाऱ्या बाईला भूत कशाला लागतं? तिच्याकडे शेजारीण होती.

याच मजल्यावर सुचित्रा उजागरे राहायची. नगरची, पिढ्यान्‌पिढ्यांची प्रॉटेस्टंट, इथं अँग्लिकन चर्चमध्ये जाणारी. शारजात दोन्ही चर्चं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे नाताळात दोन्हीकडच्या मराठी मंडळींनी एकत्र कॅरल बसवली होती. सुचित्राचा गळा गोड. तिला सायनस, सदान्‌कदा रुमालावर नीलगिरी. तिचा नवरा रास अल खैम्याच्या सिमेंट कारखान्यात, आठवड्याची सुट्टी असली तरच घरी. आणि त्याच कॅरलच्या रात्री गाडीत पास्कल म्हणाला होता, “त्यांच्या प्रार्थनेचा शेवट छान आहे गं. आपण मधेच पानावरून उठल्यासारखं वाटतं.” तेव्हा रेजिनानं खिडकीची काच खाली केली होती. आता तिला सगळं जुळलं. आवाज, वास, ओळ. अगदी दोन आणि दोन चार.

ती रोज लवकर निघायला बघू लागली. डॉक्टरांना खोटी कारणं सांगितली, बस सोडून शेअर टॅक्सी केली. रोज उशीरच व्हायचा. रोज दारापाशी तीच ओळ कानावर यायची, रोज आत पास्कल एकटा. एकदा तिनं वाकून उजव्या गादीला हात लावला. गादीत दोन खळगे पडले होते, गुडघ्यांएवढे. आणि ती कोमट होती.

“कोण आलं होतं?”

“कोण येणार?”

“मी ऐकलं, पास्कल.”

तो तिच्याकडे बघत होता, पण तिला पाहत नव्हता. इतक्या महिन्यांत तो असाच बघायचा, बस थांब्यावर आपली बस नसल्यावर माणूस बघतो तसा. “मी आमेननंतर जरा थांबतो,” तो म्हणाला. “सरांच्या आजोबांसारखा. मला कुठं जायचं असतं? दिवसभर माझ्यासाठी कुणी थांबलेलं नसतं. निदान मी कुणासाठी तरी थांबावं.”

“माझ्यासाठी थांब ना मग!”

“तू येतेस तेव्हा दमलेली असतेस गं.”

हे ती विसरू शकली नाही. दोन वेळचं खाणं जिच्या पगारावर चाललंय तिलाच दमण्याची बंदी! बाथरूमचा नळ सोडून ती पोटभर रडली. मग डोळ्यांवर पाणी मारताना आरशात स्वतःकडे बघून म्हणाली, थांब, सुचित्रे. तुझी जीभ हासडते.

त्या शुक्रवारी मिस्सा सुटली आणि पलीकडचं अँग्लिकनांचं फाटकही उघडलं. दोन्हीकडची माणसं पार्किंगमध्ये मिसळली, थर्मास उघडले गेले, मल्याळी, कोंकणी, मराठी सगळं एकत्र. पास्कल गाडीकडे गेला होता. पाण्याच्या कूलरपाशी सुचित्रा एकटी दिसली आणि रेजिनानं तिची वाट अडवली.

“माझ्या घरात येऊन प्रार्थना करायची गरज नाही. तुझं चर्च आहे ना हे?”

“तुझ्या घरात?” सुचित्रा गोंधळली. “अगं, मी शारजातच नाहीये. ह्यांना सुट्टी देईनात, म्हणून ईस्टरच्या आधीपासून मी रास अल खैम्यालाच आहे. फ्लॅट खाली करतोय आम्ही. आज नुसती चर्चसाठी आले, विचार ह्यांना.”

“खोटं बोलू नकोस. मी रोज ऐकते. आमेन झाल्यावर राज्य, सामर्थ्य... ती तुमचीच ओळ आहे.”

सुचित्राच्या डोळ्यांत पाणी आलं. रागही आला, आणि तो तिनं गिळला हे दिसलं. “रेजिना, तू मला असलं समजलीस? आपण एका ताटात जेवलोय.” मग आवाज खाली आणून ती म्हणाली, “आणि ऐक. ती ओळ आम्ही सगळे मिळून म्हणतो. प्रार्थना पहिल्यापासून म्हणून मग. नुसती तेवढीच ओळ... एकटी बाई कशाला म्हणेल?”

उन्हानं तापलेल्या त्या पार्किंगमध्ये रेजिनाच्या अंगावर सरसरून काटा आला. हात दाखवून अवलक्षण झालं होतं, ते वेगळंच. सुचित्राची माफी मागायचं राहून गेलं. ते पुढं कायमचं राहिलं.

आता दुसरी कुणी असती तर फादरांना गाठलं असतं, घरावर तीर्थ शिंपडून घेतलं असतं. रेजिना घाबरली होती, पण भीतीपेक्षा तिला झोंबलं होतं ते वेगळंच. सुचित्रा जिवंत होती, तिच्याशी भांडता येत होतं, तिचे केस पिकले असते, ती रास अल खैम्याला निघून गेली असती. मेलेल्या बाईला कुठं पाठवणार? ती म्हातारी व्हायची नाही, दमायची नाही, तिला पगारासाठी राबावं लागणार नाही. नवऱ्यानं आमेन म्हणून नुसतं थांबायचं, की ही हजर.

शनिवारी तिनं सुट्टी घेतली. पास्कल कंपनीत चौकशीला गेला होता. तिनं बिल्डिंगचा वॉचमन रफिक याला वर बोलावलं. “ये बेसमेंट में रख दो. कल भंगारवाला ले जाएगा.”

रफिक अंगानं दणकट. पण बाक लिफ्टपर्यंत नेताना त्याचं कपाळ घामानं भिजलं. “भाभी, ये अकेला लकडी का वजन नहीं है,” तो म्हणाला. बाक सारखं एका बाजूला कलत होतं, उजव्या. खाली ठेवून आल्यावर त्यानं चहासुद्धा घेतला नाही.

पास्कल आला. खिडकीजवळची रिकामी जागा त्यानं बघितली आणि तिथंच जाऊन उभा राहिला. भांडला असता तर बरं वाटलं असतं. अजान झाली तेव्हा रेजिना आतुर होऊन जमिनीवर चटई घालून बसली, आज आपण दोघं. ती मेणबत्ती आणायला आत वळली आणि बाहेर आली तर दार उघडं होतं, आणि दाराशी त्याच्या चपला नव्हत्या. लिफ्टमध्ये नीलगिरीचा वास भरून राहिला होता.

त्या वर्षी बेसमेंटमध्ये गाड्याच गाड्या होत्या, मालक नसलेल्या. बँकेचे हप्ते थकवून रातोरात देश सोडून गेलेल्या लोकांच्या. काचांवर धुळीचे थर, टायर बसलेले. बाहेर दुपारपासून वाळूचं वादळ उठलं होतं, रॅम्पवरून बारीक धूळ आत सरकत होती आणि ट्यूबलाइटभोवती पिवळं धुकं धरलं होतं. डिझेलचा, ओल्या सिमेंटचा वास. त्या सगळ्यावर नीलगिरी.

पार टोकाला, एका सोडून दिलेल्या पजेरोच्या मागं पास्कल बाकावर गुडघे टेकून बसला होता. डावीकडं. ‘नमो मारिया’चा जप संपून प्रभूची प्रार्थना चालली होती. रेजिना खांबाआड थांबली. त्याच्या शेजारी कुणीही नव्हतं. त्याचा आवाज उतरत गेला.

“...आमेन.”

तो थांबला. डोकं किंचित उजवीकडं कललेलं, ओठांवर हसू. हे हसू रेजिनाच्या ओळखीचं होतं. नंदाखालच्या चर्चमध्ये नवरीच्या तोंडावरच्या जाळीतून तिनं ते पाहिलं होतं, वेदीसमोर, सगळ्या गावादेखत. त्यानंतर किती दिवसांनी ती ते बघत होती, आणि तेही तिच्यासाठी नव्हतं.

आणि मग ती ओळ आली. दार नाही, भिंत नाही, हाताच्या अंतरावर. शब्द इंग्रजी होते की मराठी, हे रेजिनाला पुढं कधीच सांगता आलं नाही. आवाज थकलेला नव्हता. सावकाश, भांडी घासून झाल्यावर हात पुसत माणूस बोलतो तसा... घरचा.

पळ, असं तिचं अंग तिला सांगत होतं. पण तिला तिथून हलवेना, कारण ती पळाली असती तर ती दोघं तिथं राहिली असती. एकटी. मागं. हे तिला सहन होईना.

“पास्कल,” तिनं हाक मारली. त्यानं वळून बघितलं नाही. “पुन्हा म्हण. माझ्याबरोबर.”

ती बाकाजवळ गेली. उजव्या गादीत दोन खोल खळगे होते. तिच्या डोळ्यांदेखत ती गादी हळूहळू फुगत वर आली, सपाट झाली, कोरी करकरीत. कुणीतरी उठून तिला जागा करून दिली होती.

रेजिनानं गुडघे टेकले. मानानं बोलावलं होतं की नाही, ते तिनं पाहिलं नाही. गादी ऊबदार होती. त्यानं पुन्हा सुरुवात केली, तिनं आवाजात आवाज मिसळला. किती दिवसांनी! धुळीनं घसा कोरडा पडला होता तरी ती म्हणत होती, मोठ्यानं, हक्कानं. वाइटापासून आम्हाला सोडव. आमेन.

पास्कल थांबला.

बेसमेंटमध्ये वाळूची सरसर तेवढी ऐकू येत होती. रेजिनाच्या मानेवर, उजव्या कानामागं कुणाचा तरी श्वास लागला, गार, नीलगिरीचा. कुणीतरी बोलायला तोंड उघडत होतं. आता ती म्हणेल... आता म्हणेल, आणि हा हसेल...

नाही. तिनं म्हणायच्या आत मीच म्हणते.

आणि रेजिनानं ती ओळ म्हटली. अँग्लिकनांची ओळ, जी ती जन्मात कधी रोजरीत म्हणाली नव्हती. शब्द न अडखळता आले. मागचा श्वास थांबला. पास्कलनं तिच्या हातावर हात ठेवला आणि तिच्याकडे वळून बघितलं. खरंच बघितलं, डोळे भरून, लग्नातल्यासारखं.

“टेकलेस शेवटी गुडघे,” तो म्हणाला. “इतकी वर्षं दारात उभी राहूनच म्हणायचीस...”

तिला कळलं. त्याच क्षणी सगळं कळलं, तो कुणाशी बोलतोय ते. अरे, मी रेजिना, एवढं म्हणायचं होतं. एवढं म्हटलं असतं तर ते हसू विझलं असतं, आणि तो पुन्हा बसची वाट बघणारा माणूस झाला असता.

“एडिथ?” तो म्हणाला.

“हं,” रेजिना म्हणाली.

पुढच्या वर्षी कंपनी पुरती बुडाली आणि दोघं वसईला परतली. बाक तिथंच बेसमेंटमध्ये राहिलं. त्याचं आता काही काम नव्हतं. पास्कलला मीरा रोडला नोकरी लागली, तब्येत सुधारली. गावात लोक म्हणतात, जोडी असावी तर अशी, पोरगा बायकोवरची नजर काढत नाही. संध्याकाळी घरात रोजरी होते, आणि आमेन झालं की सगळे उठतात, हे दोघं सोडून. सासू एकदा चिडून म्हणाली, ही प्रॉटेस्टंट कधी झाली? रेजिनानं एकदाच, एका संध्याकाळी, ओळ म्हणायची टाळून बघितली होती. पास्कल गुडघ्यांवर तसाच थांबून राहिला, जेवणं झाली, दिवे मालवले गेले तरी. मग तिनं म्हटली.

गेल्या पावसाळ्यात भिंतीला ओल धरली म्हणून तिनं हॉलमधल्या तसबिरी उतरवल्या. एका फोटोची काच तिनं पदरानं पुसली. नंदाखालचं चर्च, वेदी, फुलंच फुलं. सुटाबुटातला पास्कल हसत होता, आणि त्याच्या दंडाला बिलगून पांढऱ्या झग्यातली एक काळीसावळी, ठसठशीत मुलगी उभी होती. काच पुसता पुसता तिला मत्सर एकदम डसला. जुना, ओळखीचा, कडू. ती फोटो घेऊन स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली आणि तिथूनच तिनं विचारलं, “पास्कल, ही कोण रे तुझ्याजवळ?”

त्यानं फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला.

“आठवत नाही,” तो म्हणाला.

तिला बरं वाटलं.